पेटी मोठी झाली, साप मात्र जेवेना

एका वाचक मैत्रिणीचं सविस्तर पत्र आलं आहे. तिच्या मावसभावाने परगावी जाताना आपला तीन वर्षांचा बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला बिनविषारी छोटा अजगर, तिच्या हवाली केला. तोवर हा साप जेमतेम दीड हात लांबीच्या अपारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात वाढला होता. तळाला कागद, पाण्याची एक वाटी, खाली थर्मोस्टॅट (तापमान ठरल्या हद्दीत ठेवणारं उपकरण) लावलेली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, बस. ‘एवढ्याशा डब्यात जन्म काढायचा का त्याने?’ असं वाटून तिने चार फुटी काचेची टाकी आणली. वर जाळीचं झाकण, आत सुंदर ओंडका, मध्यावर एक गुहा, तळाला भुसा, रात्री साप दिसावा म्हणून लाल दिवा. टाकीखाली नवी मोठी मॅट आहे, पण ती थेट विजेला जोडलेली. आर्द्रता दाखवणारी गोल चकती काचेला चिकटवली आहे, तिचा काटा चाळीसच्या आसपास असतो. टाकी दिवाणखान्यात, दारासमोर ठेवली आहे. या गोष्टीला सात आठवडे झाले आणि तेव्हापासून साप जेवलेला नाही. दिवसभर गुहेत बसतो, रात्री जाळीला नाक घासत फिरतो. परवा कात टाकली, तीही तुकड्या-तुकड्यांनी. नवरा म्हणतो, ‘त्याला लहान जागाच आवडते, परत डब्यात ठेव.’ मावसभाऊ फोनवर तेच सांगतो. मैत्रीण विचारते, ‘मी हौसेपायी त्याचं सुखाचं घर मोडलं का? डब्यात परत ठेवू, की सरावेल म्हणून वाट पाहू?’

प्रिय मैत्रिणी,

बाकी सगळं सावकाश बोलू, पण एक काम आजच करा. टाकीखालची मॅट बंद करा आणि साप जुन्या डब्यात, जुन्या थर्मोस्टॅटसकट, परत ठेवा. म्हणजे नवऱ्याचं म्हणणं मी मान्य केलं असं दिसेल, पण ते आठ-दहा दिवसांपुरतं. आणि त्याचं कारण डब्याचा आकार नाही, ती मॅट आहे.

थर्मोस्टॅटशिवाय मॅट किती तापेल याचा भरवसा नसतो. वर भुशाचा जाड थर असला की उष्णता तळाशी कोंडते आणि काच पार ५० अंशांच्या आसपास जाऊ शकते. टाकीतली हवा त्याच वेळी २६-२७ अंशांवर असते, त्यामुळे भिंतीवरच्या तापमापकाला याचा पत्ताही लागत नाही. साप मात्र भुसा उकरून थेट काचेवर वेटोळं घालतो.

माझ्याकडे पहिला बॉल पायथन आला तेव्हा मीही मॅट अशीच जोडली होती, आणि गुहा नेमकी तिच्यावर मांडली होती. महिन्याभराने त्याला उचललं तर पोटाच्या आडव्या खवल्यांवर तपकिरी पट्टा उमटलेला, इस्त्री जास्त वेळ टेकली की कापडावर पडतो तसा. भाजत असताना तो तिथून हलला का नाही, हा प्रश्न मला कितीतरी दिवस छळत होता. उत्तर साधं होतं. हलून जायला दुसरी जागाच मी ठेवली नव्हती. लपायला एकच गुहा. ती सोडायची तर उघड्यावर यायचं, आणि त्यापेक्षा त्याने चटका पत्करला. तीनदा कात टाकली तेव्हा कुठे तो डाग पुरता गेला. तुमच्या सापाचं पोटही आज चांगल्या उजेडात, शेपटीपर्यंत पाहा. खवले लाल, तपकिरी किंवा पाणी भरल्यासारखे दिसले तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्यायला उशीर करू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. ‘त्याला लहान जागा आवडते’ हे वाक्य बॉल पायथन पाळणाऱ्यांच्या तोंडी सर्रास असतं, आणि ते बोलणारे खोटं बोलत नसतात. डब्यात साप जेवतो, टाकीत जेवत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण त्यावरून डबा लहान होता म्हणून तो जेवत होता, असं ठरतं का? त्या डब्यात काय काय होतं ते आठवून बघा. आत अंधार होता. कुठेही वेटोळं घातलं तरी अंगाला भिंत टेकत होती. ऊब थर्मोस्टॅटने बांधलेली होती. झाकण बंद असल्यामुळे ओलावा टिकत होता. नव्या टाकीत या चारही गोष्टी एकदम गेल्या. चारही बाजूंनी काच, मध्ये मोकळं मैदान, बेभरवशाची ऊब, आणि जाळीतून उडून जाणारा ओलावा. सापाने नाकारलं ते हे सगळं. टाकीच्या चार फुटांशी त्याचं काही भांडण नाही.

‘आयत्या बिळात नागोबा’ ही म्हण या सापाला शब्दशः लागू आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत, सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ माळांवर आणि विरळ जंगलात तो राहतो, आणि दिवस काढतो तो उंदीरवर्गीय प्राण्यांनी खणून सोडलेल्या बिळांत नाहीतर वाळवीच्या वारुळांत. स्वतः बीळ खणत नाही. वारुळाच्या पोटात ऊब स्थिर असते, हवा दमट असते, चहूबाजूंनी मातीचा स्पर्श असतो. तुमच्या मावसभावाच्या डब्यात नकळत वारुळाचे दोन-तीन गुण उतरले होते, म्हणून साप तिथे टिकला.

पण वारूळ हे त्याचं सगळं आयुष्य नाही. संध्याकाळ झाली की तो बाहेर पडतो. नर आणि लहान साप झाडाझुडपांवर चढतात, पक्षी खातात. मोठे जमिनीवर उंदीर-घुशींच्या मागे असतात. म्हणजे फिरणं, चढणं, अंग लांब करणं हे सगळं त्याच्या स्वभावात आहे. पूर्ण वाढलेला नर साधारण ९० ते १२० सेंटिमीटर भरतो, मादी १२० ते १५०. दीड हाताच्या डब्यात मोठा झाल्यावर त्याला एकदाही सरळ पडता आलेलं नाही. तुम्हाला त्याच्याबद्दल जे वाटलं ते खरंच होतं. जागा मोठी करण्यात तुमचं काही चुकलं नाही. मोठ्या जागेत आडोसे भरायचे राहून गेले.

रात्री दिवे घालवून, लांब बसून मी माझ्या सापाला कितीतरी वेळा पाहत राहिले आहे. आधी गुहेच्या तोंडाशी फक्त नाकाचं टोक दिसतं. जीभ बाहेर येते, सावकाश वर-खाली होते, आत जाते. मग हनुवटी उंबऱ्यावर टेकून तो दहा-पंधरा मिनिटं तसाच थांबतो. वरच्या ओठाच्या कडेला खाचा असतात, त्यांनी त्याला समोरच्या जिवाची ऊब कळते; त्या खाचा माझ्याकडे वळल्या की मी श्वाससुद्धा जपून घेते. मग तो निघतो तो भिंतीच्या कडेकडेने, पानांखालून. डोकं पलीकडच्या लपणात शिरलं तरी शेपूट अजून पहिल्या गुहेतच असते. टाकी मांडताना हे चित्र डोळ्यासमोर ठेवा. गरम टोकाकडून थंड टोकाकडे जाताना त्याला एकदाही उघड्यावर यावं लागू नये.

यातूनच तुमच्या पत्रातली दुसरी गोष्ट आली, जी तुम्ही प्रश्न म्हणून विचारलेली नाही. टाकी दिवाणखान्यात आहे, साप दिसावा म्हणून लाल दिवा आहे, गुहा बरोबर मध्यावर आहे. हे सगळं बघणाऱ्याच्या सोयीचं आहे. त्यात गैर काही नाही, ज्याच्यावर जीव आहे तो प्राणी डोळ्यासमोर असावा असं कुणालाही वाटतं. पण घाबरला की डोकं मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करायचा, यावरूनच ज्याचं नाव पडलं, त्याला दारासमोरच्या काचेच्या खोक्यात दिवसभर पायांची ये-जा सोसवत नाही. पावलांची, स्पीकरची थरथर त्याला जमिनीतून अंगभर कळते. टाकी घरातल्या शांत खोलीत, एखाद्या भिंतीशी न्या. थेट ऊन पडेल अशी खिडकी टाळा, काचेत ऊन कोंडलं की आतलं तापमान बघता बघता जीवघेणं होतं. खरं सांगायचं तर पुरेसे आडोसे असलेल्या टाकीतच साप जास्त दिसतो. आपण झाकलेले आहोत याची खात्री पटली की तो संध्याकाळी स्वतःहून बाहेर येतो.

आता टाकीकडे वळू. तुमची चार फुटी टाकी या सापाला बरोबर आहे. नवी घेणाऱ्यांनी पूर्ण वाढलेल्या सापासाठी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच हे माप धरावं, मादी मोठी निघाली तर अजून लांब. तीन बाजूंच्या काचा बाहेरून गडद कागदाने झाकून टाका. एवढ्या एका गोष्टीने बराच फरक पडेल.

गुहा दोन हव्यात, आणि दोन्ही एकसारख्या. एक गरम टोकाला, एक थंड टोकाला. यात काटकसर करू नका, कारण एकच गुहा असली की सापाला सुरक्षितता आणि योग्य तापमान यांतलं एक निवडावं लागतं आणि तो दर वेळी सुरक्षितताच निवडतो. माझ्या सापाचं पोट त्यामुळेच भाजलं. गुहा ऐसपैस नको. तो आत वेटोळं घालून बसला की अंग भिंतींना आणि छताला टेकलं पाहिजे, आणि दार एकच, लहान. बाजारात दगडासारख्या दिसणाऱ्या गुहा मिळतात, पण प्लॅस्टिकचा उपडा डबा, त्याला गुळगुळीत कडांचं भोक पाडून, तितकाच चालतो. सापाला दिसण्याचं सोयरसुतक नसतं.

दोन गुहांच्या मधलं मैदान भरून काढा. झाडाच्या सालीचे अर्धगोल तुकडे, प्लॅस्टिकच्या वेली, सुका पालापाचोळा, तुमचा तो ओंडका आडवा. सापाचं वजन पेलणारी एखादी जाड फांदी तिरकी बसवा. ती घट्ट बसली आहे ना हे हाताने दाबून बघा, जड वस्तू भुशावर न ठेवता थेट तळावर टेकवा, नाहीतर साप खाली शिरल्यावर ती त्याच्यावर बसेल. वरून पाहिलं तर निम्म्याहून जास्त जमीन झाकलेली दिसली पाहिजे. तुम्हाला ती अडगळ वाटेल. वाटू द्या.

उष्णतेचं गणित असं. गरम टोकाच्या गुहेत साप जिथे बसतो तिथे ३१ ते ३३ अंश, थंड टोकाला २५ ते २७, आणि रात्री कुठेही २३-२४ च्या खाली नको. तुमच्या टाकीत भुसा जाड असणार आहे, त्यामुळे खालची मॅट काढूनच टाका. गरम टोकाच्या वर जाळीवर सिरॅमिक हीटर ठेवा. तो उजेड देत नाही, फक्त ऊब देतो, म्हणून रात्रीही चालतो. त्याला चिनी मातीचा होल्डर लागतो, साध्या प्लॅस्टिकच्या होल्डरला आग लागू शकते. ज्यांची पेटी लाकडी आहे आणि हीटर आत बसवावा लागतो, त्यांनी हीटरभोवती जाळीचा पिंजरा बसवलाच पाहिजे, कारण साप उबेसाठी थेट हीटरला विळखा घालतो. गरम होणारे दगड मिळतात, ते कुणीही वापरू नयेत.

आणि थर्मोस्टॅट. जुना सध्या डब्याला लागेल, तेव्हा दुसरा घ्यावाच लागेल. हीटर जितक्या वॅटचा आहे तेवढा भार तो पेलतो का, हे त्याच्यावरच लिहिलेलं असतं. त्याचा प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग, गरम गुहेच्या वर, सापाला ढकलता येणार नाही असा पक्का बांधा. हे मी मुद्दाम सांगते आहे. प्रोब निसटून थंड कोपऱ्यात पडला किंवा पाण्याच्या वाटीत गेला, तर थर्मोस्टॅटला वाटतं की टाकी गार आहे, आणि तो हीटर चालूच ठेवतो. म्हणून थर्मोस्टॅटच्या आकड्यावर विसंबू नका. दोन्ही टोकांना वेगळे डिजिटल तापमापक ठेवा आणि गुहेतली जमीन अधूनमधून इन्फ्रारेड थर्मामीटरने तपासा.

लाल दिवा काढा. तो सापाला दिसत नाही असं सांगितलं जातं, पण उजेड त्याला जाणवतो, आणि मग त्याची रात्र कधी होतच नाही. दिवसा बारा तास साधा उजेड, रात्री पूर्ण अंधार. अतिनील किरणांच्या नळीबद्दल पुष्कळ वाद चालतात. तिच्यावाचून हे साप नीट जगतात, दिली तर सौम्य द्यावी आणि सावली भरपूर ठेवावी. तुम्ही तूर्त त्या फंदात पडू नका.

ओलाव्यावर मात्र थोडं थांबू, कारण तुकड्यांनी निघालेली कात तेच सांगते आहे. या सापाला हवेत ५५ ते ७० टक्के आर्द्रता लागते, कात टाकायच्या दिवसांत त्याहून थोडी जास्त. काटेवाली गोल चकती फार चुकते, ती काढून प्रोब असलेला डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) लावा. तुमच्याकडे चाळीस दिसते याचं मुख्य कारण जाळीचं झाकण. हीटरपुरती आणि त्याच्या आसपासची जागा सोडून बाकीची जाळी जाड ॲक्रिलिकच्या तुकड्याने झाका, एक पट्टी हवेसाठी मोकळी ठेवा. तळाला नारळाच्या सोडणाचा भुसा तीन-चार इंच पसरा. देवदार आणि राळ असलेल्या लाकडाचा भुसा नको, त्याच्या उग्र वासाने सापाच्या श्वसनमार्गाला त्रास होतो. ओलावा कमी झाला की फवारे मारत बसण्यापेक्षा चार कोपऱ्यांत थोडं थोडं पाणी ओता. ते खाली झिरपतं, तळचा थर ओला राहतो, वरचा कोरडा. साप कायम ओल्या जमिनीवर बसला तर त्याच्या पोटाचे खवले सडू लागतात, म्हणून वरचा थर हाताला कोरडा लागलाच पाहिजे. थंड टोकाला वेटोळं मावेल एवढी जड पाण्याची कुंडी ठेवा.

परवाच्या कातीचे तुकडे अंगावर राहिलेत का तेही पाहा. विशेषतः दोन जागा. शेपटीच्या टोकाला कातीचं कडं राहिलं तर ते आवळत जातं आणि टोकाचा रक्तपुरवठा तुटतो. दुसरी जागा डोळे. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तो कातीबरोबर निघतो. टाकलेल्या कातीच्या डोक्याच्या भागात दोन गोल, घड्याळाच्या काचेसारख्या टिकल्या मिळाल्या तर डोळे मोकळे झाले. मिळाल्या नाहीत तर नखाने किंवा चिमट्याने काही खरवडू नका, डोळा जाईल. भोकं असलेल्या डब्यात कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल घालून त्यात सापाला अर्धा-पाऊण तास ठेवा, बहुतेक तुकडे टॉवेलला घासूनच निघतात. डोळ्यावरचं नाहीच निघालं तर पुढच्या कातीची वाट पाहा किंवा पशुवैद्याला दाखवा.

टाकी मांडून झाली की साप लगेच आत सोडू नका. तीन-चार दिवस ती रिकामी चालू द्या. सकाळी, दुपारी आणि मध्यरात्रीनंतर एकदा तापमान आणि आर्द्रता वहीत टिपा. आकडे स्थिर झाले की मगच साप न्या. नेताना डब्यातला त्याचा वास लागलेला कागद गरम गुहेत पसरा. मुठीएवढा कागदाचा बोळा, पण त्या टाकीत त्याच्या ओळखीची तेवढीच एक गोष्ट असेल. झाकणाला कड्या लावा. नाकाच्या टोकाने कोपरा उचलून निसटण्यात हे साप पटाईत असतात. जाळीला नाक घासणं नव्या मांडणीत थांबायला हवं. तो रात्री शांतपणे, जीभ काढत फिरत असेल तर उत्तम, तो शोध घेतो आहे. एकाच कोपऱ्यात तास-तास ढकलत राहिला तर आत त्याला काहीतरी सोसत नाहीये, तेव्हा पुन्हा आकडे तपासा.

जेवणाबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त घाबरला आहात. सात आठवड्यांचा उपास धडधाकट, मोठ्या बॉल पायथनला धोक्याचा नसतो. जागा बदलली, समागमाचे दिवस आले, हवा गार झाली, की हे साप महिनोन्‌महिने खात नाहीत. तो रुसलेला नाही आणि मावसभावाची आठवण काढून उपाशीही राहिलेला नाही. त्याला बिळाबाहेर तोंड काढणं सुरक्षित वाटत नाही, एवढंच. तुम्ही मध्ये काही दिवस रोज त्याला उंदीर दाखवला आहे, असं पत्रात दिसतं. काळजीपोटी केलंत, पण दर वेळी टाकी उघडली जाते, चिमटा आत येतो, आणि त्याची भीती आणखी वाढते.

नव्या टाकीत नेल्यावर आठ-दहा दिवस त्याला हात लावू नका. पाणी बदलणं आणि घाण काढणं, इतकंच. मग रात्री, दिवे घालवून, फ्रीझरमधला मेलेला, पूर्ण वितळवलेला आणि गरम पाण्यात पिशवीसकट बुडवून उबदार केलेला उंदीर लांब चिमट्याने गुहेच्या तोंडाशी धरा. सापाच्या अंगाच्या सर्वात जाड भागाहून उंदीर मोठा नको. दोन मिनिटांत घेतला नाही तर तिथेच ठेवून खोलीबाहेर जा, सकाळी उरला असेल तर फेकून द्या. पुढचा प्रयत्न दहा-बारा दिवसांनी. जिवंत उंदीर आत सोडून निघून जायचा मोह कधीही करू नका. भुकेला नसलेला साप गप्प बसून राहतो आणि उंदीर त्याला कुरतडतो, अशा जखमा मी पाहिल्या आहेत. खाल्ल्यावर दोन दिवस तरी त्याला उचलू नका, नाहीतर तो खाल्लेलं उलटून टाकेल.

धोका कधी आहे हे वजन सांगेल, तुमची घालमेल नाही. आज डब्यात हलवताना त्याला डिजिटल काट्यावर तोला आणि तारीख घालून लिहा, मग दर दोन आठवड्यांनी. मावसभावाकडे जुनं वजन असेल तर तेही मागून घ्या. वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं, पाठीचा कणा धारेसारखा वर आला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला, तोंड उघडं राहू लागलं किंवा नाकाशी फेस दिसला, तर जेवणाचा विचार सोडा आणि पशुवैद्याकडे जा. यातली शेवटची तीन बहुधा छातीच्या संसर्गाची लक्षणं असतात. गारवा किंवा सतत कोंदट ओल यांतून तो होतो.

तुमच्यासारखंच पत्र लिहायच्या बेतात असलेल्यांसाठी दोन शब्द. साप आणण्याआधी पेटी आणा, महिनाभर चालवा, मग साप. पिल्लालाही मोठी पेटी चालते, फक्त आडोसे दुप्पट लागतात. ते जमणार नसेल तर वर्ष-दीड वर्ष मध्यम पेटीत ठेवा. एका पेटीत दोन साप नकोत, ते एकमेकांना सोबत करत नाहीत, चांगल्या गुहेसाठी एकमेकांना दाबतात. हाताळण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा, सापांच्या अंगावर साल्मोनेला हा पोटाचा आजार करणारा जंतू असू शकतो, आणि घरात अगदी लहान मूल असेल तर जास्तच जपा. बॉल पायथनची आंतरराष्ट्रीय खरेदी-विक्री साइटीस या वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली येते, तेव्हा कागदपत्रांशिवाय साप घेऊ नका आणि आपल्या भागातले नियम आधी बघा. मैत्रिणी, मावसभावाने सापाबरोबर कागद दिले आहेत का, हे तुम्हीही विचारा. आणि हा पाच-सात वर्षांचा मामला नाही. नीट सांभाळलेला बॉल पायथन सहज वीस-तीस वर्षं जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० साली अंडी घातली तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे असावं असा अंदाज होता, आणि १९६१ साली ती तिथे आली होती एका माणसाच्या घरून.

नवऱ्याशी वाद घालत बसू नका. रिकामी टाकी चालू असेल त्या तीन-चार दिवसांत आकड्यांची वही त्यांच्या हातात द्या, मध्यरात्रीची नोंद त्यांना घेऊ द्या. डबा धुऊन जपून ठेवा. टाकी साफ करताना, पशुवैद्याकडे नेताना, कधी वीज गेली आणि सापाला उबेत गुंडाळून ठेवावं लागलं तर तो लागेलच.

दीडेक महिन्यात त्याचे डोळे पुन्हा दुधाळ निळे होतील, मग निवळतील, आणि त्यानंतर काही दिवसांनी तो कात टाकेल. त्या सकाळी कात उचलून उजेडात धरा. ती नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध निघाली का, आणि डोळ्यांच्या त्या दोन गोल टिकल्या तिच्यावर आहेत का, एवढं मला जरूर कळवा.